विमान तिसऱ्यांदा आलंय : नांदेड विमानतळाचं प्रकरण

नांदेडला विमानसेवा सुरू होते, काही वर्षं चालते आणि बंद पडते. २००८ नंतरची बंद पडली. २०१७ मध्ये सुरू झालेली बंद पडली. ३१ मार्च २०२४ ला ती तिसऱ्यांदा सुरू झाली. धावपट्टी तीच, गुरुद्वारा तोच, गावही तेच. मग दोनदा घडी विस्कटली कशी, आणि या खेपेला ती टिकवायची तर कुणी काय करायचं, एवढ्यापुरतं हे प्रकरण मांडतो आहे. लातूरला आणि धाराशिवलाही धावपट्टी आहे, त्यामुळे तिकडच्या लोकांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. छोट्या विमानतळाचं निम्मं काम कुंपणाच्या आत असतं आणि निम्मं कुंपणाच्या बाहेर. आतल्या कामाबद्दल आपण सरकारला आणि कंपन्यांना जाब विचारतो, आणि तो विचारलाच पाहिजे. बाहेरचं काम मात्र गावाचं आहे, आणि ते आपण अजून नीट हातात घेतलेलं नाही.

नांदेडची धावपट्टी जुनी आहे, पण तिचं आजचं रूप २००८ चं. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजींनी नांदेडला गुरू ग्रंथसाहिबांना गुरूपद दिलं, त्या गुरता गद्दीला ऑक्टोबर २००८ मध्ये ३०० वर्षं पूर्ण झाली. देशविदेशातून शीख भाविकांची संगत येणार म्हणून शहरात रस्ते झाले, गोदावरीचे घाट झाले आणि विमानतळाची धावपट्टी २,३०० मीटरपर्यंत वाढली. एअरबस ए-३२० सारखं विमान उतरू शकेल अशी ती झाली. पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, नांदेड, लातूर, धाराशिव, यवतमाळ आणि बारामती ही पाच विमानतळं ९५ वर्षांच्या भाडेकरारावर रिलायन्स समूहाच्या कंपनीकडे गेली. किंगफिशरची मुंबईची विमानं काही काळ आली, मग थांबली. ऑक्टोबर २०१२ मध्ये तर ती कंपनीच बंद पडली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. विमानतळ बांधला गेला तो एका सोहळ्याची गर्दी डोळ्यांपुढे ठेवून. सोहळा काही दिवसांचा असतो, विमानतळाचा खर्च वर्षभराचा. विमान आलं काय नि न आलं काय, अग्निशमनची माणसं हजर लागतात, पोलीस लागतात, दिवे-यंत्रं चालू ठेवावी लागतात, गवत कापावं लागतं. गर्दी ओसरली की हा खर्च कुणाच्या अंगावर पडायचा, याचा हिशोब २००८ मध्ये गावानंही मागितला नाही.

दुसरा डाव २०१७ चा. केंद्राच्या ‘उडान’ योजनेची पहिली विमानं २७ एप्रिल २०१७ ला उडाली, आणि त्या पहिल्या दिवशीच्या मार्गांमध्ये नांदेड–हैदराबाद होता. ट्रूजेट या कंपनीचं एटीआर-७२ हे पंख्याचं विमान होतं. योजनेचा सांगाडा समजून घेतला तर पुढे काय झालं ते आपोआप कळतं. साधारण तासाभराच्या, ५०० किलोमीटरच्या प्रवासाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा. विमानातल्या निम्म्या जागा या दराने, बाकीच्या बाजारभावाने. कंपनीला जो तोटा येईल तो भरून द्यायला अनुदान, त्यात ८० टक्के केंद्राचे आणि २० टक्के राज्याचे. राज्यानं विमानाच्या इंधनावरचा व्हॅट १ टक्का किंवा त्याहून कमी ठेवायचा, पोलीस आणि अग्निशमन विनामूल्य पुरवायचं, वीज-पाणी सवलतीत द्यायचं. आणि तीन वर्षं त्या मार्गावर दुसऱ्या कंपनीला मज्जाव.

हैदराबाद निवडलं हे अगदी बरोबर होतं. १९५६ पर्यंत आपण हैदराबाद राज्यातच होतो. देगलूर, बिलोली, धर्माबाद, उमरी या पट्ट्यातल्या किती घरांचे सोयरे-धायरे आजही तिकडे आहेत. मोठं आजारपण निघालं की पुण्या-मुंबईआधी हैदराबादच आठवतं. डिसेंबर २०१७ मध्ये एअर इंडियाचं अमृतसर विमान सुरू झालं आणि सचखंड एक्स्प्रेसचा दीड-दोन दिवसांचा प्रवास काही तासांवर आला. त्या काळात नांदेडच्या माणसाला विमान म्हणजे नवल राहिलं नव्हतं.

मग मार्च २०२० मध्ये कोरोनानं देशभरातली विमानं जमिनीवर आणली. ती दोन महिन्यांनी उडू लागली, पण उडानच्या मार्गांची तीन वर्षांची मुदतही त्याच सुमारास सरत होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये ट्रूजेटनं उड्डाणं थांबवली. गावातल्या चर्चेत याचं खापर एकाच्याच डोक्यावर फुटायचं, कधी कंपनीच्या, कधी पुढाऱ्यांच्या. मला ते पटत नाही. अनुदान संपल्यावरही विमान भरेल इतका पक्का प्रवासी त्या तीन वर्षांत आपण तयार केला होता का, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारत नव्हतं.

तिसऱ्या डावात स्टार एअरचं ७६ आसनांचं एम्ब्राएर-१७५ हे जेट आलं. बेंगळुरूहून नांदेड, तिथून दिल्लीजवळचं हिंडन, तिथून जालंधरजवळचं आदमपूर, आणि तसंच उलटं, अशी त्या सेवेची माळ होती. या माळेतच एक गोम आहे. जानेवारीत आदमपूरला धुकं पडलं की विमान तिकडे अडकतं. नांदेडला लख्ख ऊन पडलेलं असतं आणि प्रवासी विचारतो, हवा तर चांगली आहे, मग उशीर कशाचा? त्याला कुणी नीट सांगितलं की विमान पंजाबातून यायचंय, तर तो शांत बसतो. सांगितलं नाही तर पुढच्या वेळी रेल्वेचं तिकीट काढतो. छोट्या विमानतळावर खरी माहिती वेळेवर देणारा एक माणूस ही मोठी सुविधा आहे, आणि तिला फारसा पैसाही लागत नाही.

आता कुंपणाच्या आतलं.

विमान बदललं की विमानतळाला काय काय बदलावं लागतं, हे बाहेरून दिसत नाही. अग्निशमनाचं उदाहरण घेऊ. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार विमानाच्या लांबी-रुंदीवरून विमानतळाची अग्निशमन श्रेणी ठरते. एटीआर-७२ ची लांबी २७ मीटरच्या थोडी वर, म्हणून ते पाचव्या श्रेणीत बसतं. एम्ब्राएर-१७५ जवळपास ३२ मीटर, ते सहाव्या श्रेणीत जातं. पाचवीपर्यंत एक बंब पुरतो, सहावीला दोन लागतात. फेऱ्या फारच कमी असतील तर एका श्रेणीची सवलत मिळते, पण फेऱ्या वाढवायच्या तर त्या सवलतीवर विसंबून चालत नाही. शिवाय वर्दी मिळाल्यापासून धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला तीन मिनिटांच्या आत पोहोचता आलं पाहिजे. याचा अर्थ बंब, चालक, पाणी, फोम आणि नियमित सराव, सगळं तयार. विमान नसलेल्या वर्षांत हा सराव मोडला, माणसं पांगली, तर नवी कंपनी दारात उभी असूनही आपल्याला महिनोन्‌महिने थांबा म्हणावं लागतं.

दुसरी गोष्ट आपल्या जमिनीची. मराठवाड्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल अशा भेगा पाडते. शेतकऱ्याला हे सांगायला नको. धावपट्टीचं डांबर पक्क्या भरावावर असलं तरी तिच्या कडा आणि दोन्ही बाजूंची मोकळी पट्टी या मातीशी रोज झगडत असतात. पाणी तुंबलं की कड खचते, खडी सुटते आणि तोच खडा इंजिनात ओढला जायची भीती. म्हणून पावसाळ्यापूर्वीची नाल्यांची सफाई आणि कडांची डागडुजी हे रंगरंगोटीपेक्षा कितीतरी महत्त्वाचं काम आहे. टर्मिनलच्या दर्शनी भागावर पैसा घालायचा की नाल्यांवर, असा प्रश्न आला तर मी डोळे मिटून नाल्यांना मत देईन.

आणि शिडी. एटीआरच्या मागच्या दारातच पायऱ्या असतात, त्या खाली सोडल्या की झालं. जेटला वेगळी शिडी लागते आणि ती उंच असते. मी एकदा उतरत होतो तेव्हा माझ्या पुढे एक पंजाबी आजी होत्या, गुडघ्यांनी पार थकलेल्या. शिडीच्या तोंडाशी त्या थबकल्या. खालून सामान उतरवणाऱ्यांपैकी एक पोरगा झपझप वर आला. “माताजी, घाई करू नका. एक हात कठड्याला, एक माझ्या खांद्यावर. पायरी मी सांगतो,” म्हणाला, आणि एकेक पायरी मोजत त्यांना खाली घेऊन गेला. मागे आम्ही सगळे उभे, कुणीही कुरकुरलं नाही. खाली चाकाची खुर्ची तयार होती. त्या पोराची माणुसकी खरीच, पण ती यंत्रणेची जागा घेऊ शकत नाही. नांदेडला येणाऱ्यांत म्हातारी माणसं इतर शहरांपेक्षा जास्त असणार, हे सांगायला सर्वेक्षण नको. चालता न येणाऱ्या प्रवाशाला विमानाच्या दारापर्यंत उचलून नेणारी लिफ्टची गाडी इथे चैन नाही, गरज आहे. ती येईपर्यंत निदान उचलून न्यायची खास खुर्ची आणि ती हाताळायला शिकलेली चार माणसं प्रत्येक विमानाच्या वेळी हवीत.

कुंपणाच्या बाहेरचं काम सुरू होतं ते कचऱ्यापासून. १९३७ च्या एअरक्राफ्ट रूल्समध्ये नियम ९१ आहे. विमानतळाच्या मध्यबिंदूपासून १० किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय जनावर कापायला, सोलायला किंवा पक्षी-प्राणी गोळा होतील असा कचरा टाकायला मनाई आहे. १० किलोमीटर म्हणजे नांदेडमध्ये जवळपास सगळं शहर आलं. हा नियम विमानतळाच्या आतल्या माणसांना पाठ असतो, बाहेरच्यांना त्याचा पत्ताही नसतो.

विमानतळाच्या बाजूच्या एका वस्तीत नाल्याच्या कडेला कोंबडीच्या दुकानांचा टाकाऊ माल पडायचा. सकाळी दहा-अकराच्या सुमारास ऊन तापलं, हवा वर चढू लागली की घारी त्या ढिगावरून उचलायच्या आणि गोल गोल फिरत वर जायच्या. पाऊण किलोच्या आसपासची घार. उतरणारं जेट तासाला दोन-अडीचशे किलोमीटरच्या वेगात असतं. त्या वेगात ती इंजिनात गेली तर काय होतं ते वेगळं सांगायला नको. मी आणि वस्तीतली काही मंडळी त्या दुकानांत बोलायला गेलो. पहिल्याच दुकानातल्या चाचांनी ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, “बेटा, घंटागाडी येते दुपारी. सकाळपासूनचा हा माल दुकानात ठेवला तर वासानं गिऱ्हाईक उभं राहील का? तूच सांग.”

चाचांचं चुकलं नव्हतं. दंडाची पावती फाडून हा प्रश्न सुटला नसता, ढीग दुसऱ्या नाल्यावर गेला असता. शेवटी दुकानदारांनी मिळून घट्ट झाकणाचे ड्रम घेतले, आणि घंटागाडीच्या चालकाला विनवून त्या गल्लीची फेरी सकाळी आधी लावून घेतली. घारी लगेच गेल्या असं म्हणणार नाही, त्यांना जागेची सवय लागलेली असते. पण ढीग गेला आणि आकाशातली गर्दी विरळ झाली. चाचा आता शेजारच्या नव्या दुकानदारालाही सांगतात की वर विमान असतं, बाहेर टाकू नको. विमानतळाला गावाचा पाठिंबा हवा असं सगळे म्हणतात. मला तरी तो या ड्रमच्या झाकणात दिसतो.

मोकाट कुत्री, कुंपणाशी चरायला सोडलेली जनावरं, संक्रांतीच्या दिवसांत धावपट्टीच्या टोकाला उडणारे पतंग, लग्नातले लेझरचे झोत, हे सगळं याच जातीचं. यासाठी जिल्हाधिकारी, महापालिका आणि विमानतळ यांनी एकत्र बसून काम करायचं असतं, त्यासाठी विमानतळ पर्यावरण समितीची तरतूदही आहे. तिच्या बैठकीत आसपासच्या वस्त्यांतला एखादा दुकानदार, सांगवीकडचा एखादा गुराखी बोलावला तर तो तासाभरात जे सांगेल ते फायलीत सापडणार नाही.

टर्मिनलच्या दारातून बाहेर पडल्यावरचं थोडक्यात. देवगिरी किती वाजता येते, सचखंड किती उशिरा आहे, हे नांदेडच्या रिक्षावाल्याला तोंडपाठ असतं. विमानाची वेळ त्याला ठाऊक नसते, कारण दिवसाला एक-दोन विमानांसाठी स्टँडवर थांबणं त्याला परवडत नाही. जत्थ्यानं आलेल्या संगतीची सोय बहुधा आधीच झालेली असते. अडकतो तो एकटा माणूस: हैदराबादहून तपासण्या करून आलेला रुग्ण, बेंगळुरूत नोकरी करणारी आणि दिवाळीला घरी आलेली मुलगी. दराचा फलक आणि विमानाच्या वेळेला जोडलेली एक सिटी बस, एवढ्यानं हा प्रश्न मिटतो.

याहून अवघड गोष्ट आहे ती वर्षभर विमान भरण्याची. यात्रेचा प्रवासी येतो तो गुरुपुरब, होला मोहल्ला, दसरा या दिवसांत. उरलेले महिने जिल्ह्यानं भरायचे. ते भरणारी माणसं इथे आहेत. वसमतच्या हळदीचे आणि नांदेडच्या कापसाचे व्यापारी आहेत. ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या शिकवण्यांसाठी पोरांना इथे ठेवणारे परगावचे पालक आहेत. पुण्या-बेंगळुरूत काम करणारी हजारो पोरं आहेत. औंढा नागनाथ आणि माहूरला जाणारे भाविक आहेत, पण हैदराबाद-बेंगळुरूत बसलेल्या भाविकाला नांदेडहून ही दोन्ही ठिकाणं जवळ पडतात हे सांगायला आपण कधी गेलो का? तिकीट स्वस्त झालं की सगळे उडतात. कंपनीला मंगळवारच्या पावसातही बसणारा माणूस लागतो.

आणि समजा प्रवासी विमान पुन्हा काही काळ थांबलंच, तरी विमानतळ झोपू द्यायचा नाही. हृदय प्रत्यारोपणासाठी काढलं की चार ते सहा तासांच्या आत दुसऱ्या छातीत बसवावं लागतं. मुंबईला रस्त्यानं किंवा रेल्वेनं जायला जवळपास अख्खी रात्र लागते. म्हणजे धावपट्टी सुरू नसेल तर नांदेडमधल्या दात्याचं हृदय मुंबईतल्या रुग्णाच्या कामी येऊच शकत नाही. यकृताला थोडा जास्त वेळ मिळतो, तोही रस्त्यानं फार ताणता येत नाही. त्यासाठी रात्रीचे दिवे चालू लागतात, परवाना वैध लागतो, आणि ठरलेल्या वेळेबाहेर बोलावलं तर नियंत्रण कक्षातला आणि अग्निशमनचा माणूस तासाभरात हजर व्हावा लागतो. मला वाटतं, नांदेडच्या डॉक्टरांच्या संघटनेनं आणि विमानतळानं ही बोलावण्याची पद्धत लेखी ठरवून ठेवावी आणि वर्षातून एकदा तिची रंगीत तालीम करावी. ऐन वेळी फोन नंबर शोधत बसण्याची पाळी एखाद्या दात्याच्या घरच्यांवर येऊ नये.

शेवटी वेळेचं. विमान कंपन्यांची वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात: मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. ३१ मार्च २०२४ हा तोच रविवार होता. कुठलं विमान कुठे लावायचं हे कंपनी त्याच्या कितीतरी महिने आधी ठरवते. आपण मात्र विमान बंद झाल्यावर निवेदन घेऊन निघतो. हिवाळी वेळापत्रकासाठी व्यापारी, डॉक्टर, शिकवणीचे वर्ग, यात्री निवास आणि गुरुद्वारा यांच्याकडून महिनावार प्रवाशांचा अंदाज उन्हाळ्यातच गोळा व्हायला हवा: कोणत्या महिन्यात, कोणत्या वाराला, कोणत्या शहराला किती माणसं पैसे मोजून जातील. तो कागद जून उजाडायच्या आत कंपन्यांच्या टेबलावर पडला पाहिजे, आणि त्याखाली सह्या करणाऱ्यांनी त्यातली तिकिटं खरोखर काढली पाहिजेत.